पॉपअपचा सातबारा

फोन बहुतेक सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास येतो. कार्यालय उघडून पहिलं पत्र टाइप करायला घेतलेलं असतं. "वर्ड उघडल्यार कसलातरी ॲग्रीमेंट मागता हा. ओके करू काय?" कुडाळ, सावंतवाडी, मालवण पट्ट्यातल्या पतसंस्था, शाळांची कार्यालयं, काजू कारखाने, आंब्याची पॅकिंग हाउसेस इथले कॉम्प्युटर, आमच्या भाषेत मशिनं, आम्ही बघतो, आणि या प्रश्नाला आमचं उत्तर ठरलेलं आहे. ओके नको, कॅन्सल नको, कोपऱ्यातली फुलीसुद्धा नको. आधी मोबाइलवर फोटो काढा. फोटोत पूर्ण स्क्रीन यायला हवी, खालच्या पट्टीतल्या घड्याळ-तारखेसकट.

फुलीला हात लावू नका म्हणण्याला कारण आहे. खोट्या पॉपअपमध्ये, म्हणजे स्क्रीनवर अचानक उघडणाऱ्या खोट्या चौकटीत, बऱ्याचदा अख्खी चौकट हे एकच चित्र असतं. "मान्य", "अमान्य" आणि फुली ही तिन्ही बटणं त्या चित्रात रंगवलेली असतात. कुठेही दाबलं तरी एकच आज्ञा चालते. बंद करायचं तर बाहेरून करायचं, ऑल्ट आणि एफ-४ ने किंवा टास्क मॅनेजरमधून. पण बंद करण्याआधी ती चौकट कोणाची ते कळायला हवं. एकदा गेली की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि मग अंदाजाने काम करावं लागतं.

फोनवरच आम्ही आणखी एक गोष्ट विचारतो. मेसेज नेमका कधी येतो? वर्ड किंवा एक्सेल उघडल्यावरच, एखादी ठरावीक फाइल उघडल्यावर, इंटरनेट चालू असताना, की मशिन नुसतं सुरू केल्यावर? या चार उत्तरांतून चार वेगळ्या वाटा फुटतात आणि निम्मं निदान इथेच होतं.

जमीन घेताना माणूस समोरच्याच्या बोलण्यावर जात नाही, सातबारा काढून नाव कोणाचं ते बघतो. पॉपअपचंही तसंच करायचं. चौकटीत काय लिहायचं ते कोणीही लिहू शकतो; मायक्रोसॉफ्टचं चार रंगांचं चिन्ह कोणीही चिकटवू शकतो. ती चौकट कोणत्या प्रोग्रामने उघडली आणि तो प्रोग्राम डिस्कवर कुठे बसला आहे, हे मात्र विंडोजकडे नोंदलेलं असतं. ती नोंद काढायला पाच मिनिटं लागतात.

त्यासाठी आम्ही प्रोसेस एक्स्प्लोरर वापरतो. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं हे मोफत साधन आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. पेन ड्राइव्हवर नेलं तरी चालतं, मात्र मूळ प्रत मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घेतलेली असावी. राइट क्लिक करून ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. वरच्या पट्टीत नेमबाजीच्या लक्ष्यासारखी एक गोल खूण दिसते. तिच्यावर माउस दाबून धरायचा, तसाच ओढत त्या संशयित चौकटीवर न्यायचा आणि सोडायचा. यादीतली एक ओळ लगेच निवडली जाते. ती ओळ म्हणजे चौकटीचा मालक. ओळीवर डबल क्लिक केलं की इमेज नावाच्या पानावर फाइलचा पूर्ण पत्ता, ती कोणत्या आज्ञेने सुरू झाली, आणि पेरेंट म्हणजे तिला कोणी सुरू केलं, हे सगळं दिसतं. तिथेच व्हेरिफाय बटण आहे. ते दाबल्यावर डिजिटल सहीची, म्हणजे फाइल खरंच त्या कंपनीची आहे का याची, तपासणी होते.

मालक विनवर्ड, म्हणजे वर्डचाच मूळ प्रोग्राम, असेल, पत्ता सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिस फोल्डरचा असेल आणि सही मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची तपासून निघाली, तर चौकट वर्डचीच. मालक क्रोम किंवा एज निघाला तर तो वेबसाइटचा खेळ आहे, ऑफिसशी त्याचा संबंध नाही. पत्त्यात ॲपडेटा, रोमिंग किंवा टेम्प असे शब्द आले आणि सही नाही, तर मशिनची नेटची वायर तिथल्या तिथे काढायची. एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा पॉवरशेल निघाला तर जास्त सावध. हे तिन्ही विंडोजचेच प्रोग्राम आहेत, सही अस्सल मिळते, आणि तरीही ते दुसऱ्याच कोणाची तरी स्क्रिप्ट चालवत असतात. म्हणून अशा वेळी सहीवर न थांबता आज्ञेची ओळ आणि पेरेंट वाचायचा.

हे साधन हाताशी नसेल तर टास्क मॅनेजर आहेच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायचं, संशयित नावावर राइट क्लिक करून फाइलची जागा उघडायची, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचं पान आहे का ते बघायचं. नावावर विसंबू नये. विनवर्ड हे नाव कोणत्याही फाइलला देता येतं.

आता खऱ्या चौकटींबद्दल, कारण सगळंच खोटं समजून घाबरणारेही खूप भेटतात. नवीन ऑफिस पहिल्यांदा उघडल्यावर लायसन्स ॲग्रीमेंट मान्य करा असं विचारलं जातं. ते खरं असतं. त्यात एक ॲक्सेप्टचं बटण आणि करार वाचायची लिंक असते. कार्ड नंबर, मोबाइल नंबर, ओटीपी यातलं काहीही तिथे मागत नाहीत. एकदा मान्य केलं की तो विषय संपतो.

संपत नाही, रोज सकाळी तीच चौकट येते, अशी तक्रार जुन्या आवृत्त्यांत असते, विशेषतः ऑफिस २००३ मध्ये. अशी मशिनं अजून कपाटाशेजारी चालू आहेत. हा व्हायरस नसतो. करार मान्य केल्याची नोंद रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या, ज्या भागात व्हायची, तिथे लिहायचा अधिकार साध्या युजरला नसतो. म्हणून मान्य केलेलं टिकत नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक करून तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, करार मान्य करायचा, बंद करायचा आणि मग नेहमीच्या युजरमधून उघडून बघायचं. मात्र हा उपाय चौकटीचा मालक तपासल्यावरच करायचा. खोट्या चौकटीला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली.

"गेट जेन्युइन ऑफिस" अशी पट्टी वर्डच्या वरच्या बाजूला येते, तीही बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचीच असते. तुमच्या मशिनवरची प्रत अस्सल नाही, असा तिचा अर्थ. लोक हिलाच फसवणूक समजतात आणि फुलीवाल्या खोट्या चौकटीला खरी समजतात. खात्री करायची तर फाइल मेनूतलं अकाउंट पान उघडावं. प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड आहे की नाही ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. खऱ्या लायसन्सचा कोणताही प्रश्न या पानावर दिसतो. पॉपअप एक सांगतो आणि अकाउंट पान दुसरंच, असं झालं तर पान खरं धरायचं.

यापेक्षा फसवा प्रकार फाइलच्या आत असतो, कारण तिथे सातबाराही दिशाभूल करतो. चौकटीचा मालक अस्सल विनवर्डच निघतो, आणि तरी करार खोटा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये इमोटेट नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातकी प्रोग्रामने, हीच युक्ती जगभर वापरली. ईमेलला जोडून एक वर्डची फाइल यायची. उघडली की पानावर मायक्रोसॉफ्टच्या रंगसंगतीतला मजकूर: लायसन्स ॲग्रीमेंट मान्य करा, नाहीतर वर्ड बंद होईल. मान्य करायला वरच्या पिवळ्या पट्टीतलं एनेबल एडिटिंग आणि मग एनेबल कंटेंट दाबा. करार वगैरे काही नव्हता. एनेबल कंटेंट दाबलं की फाइलमधला मॅक्रो, म्हणजे फाइलीतच बसवलेला छोटा प्रोग्राम, चालायचा आणि तो इंटरनेटवरून मुख्य मालवेअर उतरवायचा. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचे सर्व्हर ताब्यात घेतले, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा दिसलं. युक्ती तर कोणाच्याही मालकीची नाही.

असा करार ओळखायची आमची चाचणी अगदी साधी आहे. कंट्रोल बटण दाबून धरायचं आणि माउसचं चाक फिरवायचं. खरी चौकट जागची हलत नाही, तिची अक्षरं तेवढीच राहतात. पानावर चिकटवलेला करार मात्र पानाबरोबर लहान-मोठा होतो. चाक उलट फिरवलं की मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, बटण, करार सगळं आक्रसून पानाच्या मध्यभागी एका पोस्टकार्डाएवढं उरतं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की क्लार्कला पुन्हा समजवावं लागत नाही. प्रोटेक्टेड व्ह्यूमध्येच, म्हणजे एनेबल एडिटिंग दाबण्याआधीच्या फक्त वाचायच्या अवस्थेत, ही चाचणी होते, त्यामुळे एनेबल काहीही दाबायची गरज नाही. गंमत म्हणून दाबूही नये.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. पिवळ्याऐवजी लाल पट्टी येते आणि तिच्यात चालू करायचं बटणच नसतं. पण आमच्याकडे एक फट राहते, ती पेन ड्राइव्हची. फाइल इंटरनेटवरून आली आहे ही खूण विंडोज त्या फाइलला चिकटवून ठेवतं आणि ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. पेन ड्राइव्ह सहसा फॅट-३२ या दुसऱ्या पद्धतीचे असतात. सायबर कॅफेत किंवा घरच्या लॅपटॉपवर उतरवलेली फाइल पेन ड्राइव्हवरून कार्यालयात आली की खूण पुसली जाते, प्रोटेक्टेड व्ह्यू लागत नाही आणि लाल पट्टीही येत नाही. मग मॅक्रोचं एनेबल बटण पुन्हा समोर. म्हणून वर्ड-एक्सेलच्या ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन ज्या मशिनवर मॅक्रोचं काम नाही तिथे आम्ही मॅक्रो सरसकट बंद करून टाकतो. पतसंस्थेत एखादी मॅक्रोवाली एक्सेल फाइल वापरात असेल तर तेवढी एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून तोच फोल्डर विश्वासातला करतो.

ब्राउझरचे पॉपअप त्या मानाने निरुपद्रवी असतात, पण त्यांचा आवाज मोठा. कोपऱ्यात "तुमचं ऑफिस लायसन्स संपलं" अशी सूचना येते. नीट बघितलं तर तिच्यात बारीक अक्षरांत साइटचा पत्ता असतो. कोणीतरी कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, एवढंच. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जाऊन अनोळखी साइट काढून टाकल्या की थांबतं. पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारं पान आलं तर एस्केप काही सेकंद दाबून धरावं, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडल्यावर आधीची पानं परत आणू का या प्रश्नाला नकार द्यावा. त्या पानावर फोन नंबर असेल तर विचार करायचं कारणच नाही. मायक्रोसॉफ्टच्या एरर आणि वॉर्निंगच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीही नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर सांगितलेलं आहे.

२०२४ पासून यातच एक नवा प्रकार आला आहे आणि सध्या आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे. पान वर्डसारखं दिसतं, फाइल उघडायला अमुक भाग कमी आहे असं सांगतं आणि दुरुस्तीच्या पायऱ्या देतं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. फिक्सचं बटण दाबताक्षणी त्या पानाने तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, एक आज्ञा ठेवलेली असते. विंडोज-आर ने रनची पेटी, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची चौकट, उघडते, कंट्रोल-व्ही ने ती आज्ञा आत पडते आणि एंटर माणूस स्वतःच्या हाताने मारतो. फाइल उतरवली नाही, मॅक्रो चालू केला नाही, तरी मशिन गेलं. जगातल्या कोणत्याही लायसन्सला रनची पेटी लागत नाही. कोणी हे करून बसलं असेल तर नेट तोडून विंडोज-आर पुन्हा दाबावं आणि पेटीच्या उजवीकडचा बाण उघडावा. शेवटची आज्ञा तिथे राहिलेली असते. तिचा फोटो काढायचा आणि एस्केप. त्या मशिनवरून वापरलेले ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून लगेच बदलायचे, त्याच मशिनवरून बदलले तर नवे पासवर्डही जातील.

आपल्या भागात लायसन्सचे मेसेज येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र वेगळंच आहे. मशिन विकणाऱ्याने ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेता ऑफिस चालू करून देणारा प्रोग्राम, चालवून ऑफिस टाकून दिलेलं असतं आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. हे तपासायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, प्रोग्राम फाइल्समधल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या ऑफिस१६ फोल्डरमध्ये जायचं आणि तिथली ओ-एस-पी-पी नावाची व्हीबीएस फाइल सी-स्क्रिप्टने चालवायची, शेवटी तिरकी रेघ आणि डी-स्टेटस. ऑफिस ३२ बिटचं असेल तर हा फोल्डर एक्स-८६ लिहिलेल्या प्रोग्राम फाइल्समध्ये सापडतो. उत्तरात लायसन्सचं नाव, स्थिती आणि प्रॉडक्ट कीची शेवटची पाच अक्षरं येतात.

लायसन्सच्या नावात केएमएस दिसलं की थांबायचं. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून मशिनांना लायसन्स मिळतं, आणि ऑफिससाठी अशा सर्व्हरला किमान ५ मशिनं लागतात. दोन मशिनांच्या कार्यालयात स्वतःचा केएमएस असूच शकत नाही. सर्व्हरचा पत्ता १२७ ने सुरू होणारा, म्हणजे त्याच मशिनचा, किंवा कुठल्यातरी अनोळखी साइटचा निघतो. केएमएसचं लायसन्स १८० दिवस चालतं आणि दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न होतो. तो प्रयत्न फसत राहिला की सहा महिन्यांनी मेसेज सुरू होतात. दिवाळीत घेतलेलं मशिन आंब्याच्या हंगामात, ऐन बिलं छापायच्या वेळी, लायसन्स मागायला लागतं ते यामुळे.

अशा मशिनवर पुढे काय काय बघायचं? विंडोज सिक्युरिटीमध्ये एक्सक्लूजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांची, यादी, कारण ॲक्टिव्हेटर तिथे स्वतःचा फोल्डर घालून ठेवतो आणि कधी अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला सापडतो. टास्क शेड्यूलरमध्ये ठरावीक वेळाने चालणारं अनोळखी काम. एक्सक्लूजन काढून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन चालवावं. मशिन पुन्हा सुरू होऊन साधारण १५ मिनिटं घेतं, तेवढा वेळ लाइट जाणार नाही असं बघून लावावं. आमचं मत विचाराल तर अशा मशिनला नुसतं साफ करून भागत नाही. डेटा काढून घ्यावा आणि फॉरमॅट करून नव्याने सुरुवात करावी.

नंतर ऑफिस कोणतं टाकायचं हा पैशाचा प्रश्न येतो. फक्त पत्रं आणि साधे तक्ते करायचे असतील तर लिबरऑफिस पुरतं. ते मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली आहे, कार्यालयात वापरायलाही फुकट आहे. देणगीची विनंती करणारी पट्टी त्यात कधीमधी दिसते, ती ऐच्छिक. त्याच्या लायसन्सचे पैसे कोणी मागत असेल तर तो फसवतो आहे. मराठीसाठी ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची खूण करून मराठी निवडावी लागते. युनिकोडमधली पत्रं बिनघोर उघडतात. मॅक्रोवाल्या एक्सेल फाइली मात्र आधी तपासून घ्याव्यात.

ऑफिस २०१६ आणि २०१९ वापरणाऱ्यांना एक सांगायला हवं. १४ ऑक्टोबर २०२५ ला या दोन्हींचा सपोर्ट संपला. याचा अर्थ सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या; वर्ड त्या दिवशी बंद पडलेलं नाही. "आज रात्री ऑफिस बंद होणार, आताच पैसे भरा" असा फोन किंवा मेसेज आला तर तो खोटा.

फोटोत घड्याळ का मागतो ते राहिलंच. किनाऱ्यावर रात्री यूपीएसचं बटण बंद करून जायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे, पण मग मशिनची तारीख मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलच्या भरवशावर राहते. तो थकला किंवा खाऱ्या दमट हवेने त्याची पट्टी गंजली की सकाळी मशिन कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. तारीख चुकली की साइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं चुकीची ठरतात, ब्राउझर इशारे देतं आणि ऑफिसचं ॲक्टिव्हेशन अडतं. केएमएसमध्ये तर घड्याळात चार तासांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सेल ३ व्होल्टचा असतो. वायर काढून, मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर आम्ही बदलतो, पट्टी खोडरबराने पुसतो आणि बेरजेची खूण वर ठेवून बसवतो. काही रुपयांच्या सेलसाठी विंडोज फॉरमॅट करून घेतलेली मशिनं आमच्याकडे आली आहेत, याचं वाईट वाटतं.

आणि कोणी आधीच नंबर फिरवून, एनीडेस्कसारखा दुरून मशिन चालवू देणारा प्रोग्राम टाकून, पैसे भरून बसलं असेल तर मशिन नंतर. आधी नेट तोडा, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. यूपीआयने पैसे गेले असतील तर १२ अंकी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, समोरच्याचा फोन नंबर, वेळ आणि सकाळी काढलेला तो घड्याळासकटचा फोटो जवळ ठेवा. तक्रारीची पोच हातात येईपर्यंत आम्ही ते मशिन फॉरमॅट करत नाही. बंद करून, वायर काढून तसंच बाजूला ठेवतो.